खुलासा : हिंदीचा टॅगर जसाच्या तसा मराठीला चालत नाही

पुण्यातल्या आमच्या ग्रुपवर फिरतंय की लिपी एकच आहे, मग भाषांतराच्या सॉफ्टवेअरला हिंदीचाच टॅगर (वाक्यातला प्रत्येक शब्द नाम, क्रियापद की विशेषण ते ओळखून तशी खूण, म्हणजे टॅग, लावणारा प्रोग्राम) लावा, शब्दयादी तेवढी मराठी टाका, झालं काम. नाही हो, असं होत नाही! 'भर दुपारी लक्ष्मी रोडला गेलो', 'घरपट्टी भर', 'गर्दीत भर पडली' बघा, पहिला 'भर' विशेषण, दुसरा क्रियापद, तिसरा नाम, आणि हे यादीतून कळत नाही, शेजारच्या शब्दांवरून ठरतं. त्यात हिंदीवाले 'घर के सामने का' सुटं लिहितात, आपण 'घरासमोरचा' एका दमात, म्हणजे आधी 'घरा', 'समोर', 'चा' सोडवा, खरी मेहनत इथेच आहे. नियमांवर चालणाऱ्या भाषांतरात टॅग चुकला की पुढे भाषांतर झालेलं वाक्यही बिघडतं. न्यूरल सिस्टीमला (म्हणजे नियम न देता ढीगभर वाक्यांवरून स्वतःच शिकणाऱ्या) वेगळा टॅगर सहसा लागत नाही, तो विषयच वेगळा.