हिरवं दिसलं म्हणजे झाड नव्हे

उपग्रहाच्या किंवा विमानातून घेतलेल्या प्रतिमांवरून शहराचं हरित क्षेत्र अमुक टक्के, असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: उंची धरली होती का?

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निअर-इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, भरपूर परत पाठवतं. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. वनस्पती शोधायला हे साधन फार चांगलं आहे. पण पाणी घातलेली हिरवळ आणि जुना डेरेदार वृक्ष यांचा एनडीव्हीआय जवळपास सारखा येऊ शकतो. त्यावरून टक्केवारी काढली, तर वृक्ष पाडून हिरवळ लावली तरी आकडा जागचा हलत नाही. हे मला मनापासून खटकतं.

लायडारने (लेसर किरणांनी अंतर मोजणारं तंत्र) किंवा स्टिरिओ प्रतिमांनी (एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या) मोजलेल्या वरच्या पृष्ठभागातून जमिनीची पातळी वजा केली, की त्या जागी काय किती उंच उभं आहे ते कळतं. हिरवं आणि उंच ते झाड, हिरवं आणि जमिनीलगत ते गवत. काँक्रीटचा रस्ता आणि काँक्रीटचं छपरही असंच वेगळं होतं. (छतावरची बाग मात्र याही नियमाला चकवते, तिथे इमारतींच्या सीमारेषा हाताशी लागतात.)

पण उंची कुठलीही चालत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून ११ दिवसांत मोजलेला एसआरटीएम या मोहिमेचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, म्हणून आजही लोक तो जोडतात. सुमारे ३० मीटरच्या त्या चौकटीत एकटं झाड दिसतच नाही, आणि नंतर उभ्या राहिलेल्या इमारती त्यात असणार तरी कशा? हिरवं शोधायला वापरतात त्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांचा पिक्सेलही १० मीटरचा. रस्त्याकडेचं झाड त्यात डांबरासोबत मिसळून जातं.

तारखांचा घोळ मी स्वतः घातला आहे. लायडार जुना होता, प्रतिमा दोन वर्षांनंतरची. नकाशात एका रस्त्याच्या कडेला इमारतींची बारीक रांग उमटली. उंची आहे, हिरवं नाही, म्हणजे इमारत, असा संगणकाचा हिशेब. प्रत्यक्षात तिथली झाडं मधल्या काळात तोडली गेली होती. एकूण अचूकता चांगली आली होती, म्हणून मी ते जवळजवळ तसंच पुढे पाठवणार होते.

तेव्हापासून नकाशाच्या कोपऱ्यात मी दोन तारखा लिहिते, प्रतिमेची आणि उंचीची. हरित क्षेत्राचा आकडा जाहीर करणाऱ्या प्रत्येकाने त्या लिहाव्यात, आणि झाडं व गवत यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.