हिचा उपास, आमचा जीव टांगणीला

मांजर जेवलं नाही तर निदान ओरडून घर डोक्यावर घेतं. मँटिस या शिकारी कीटकाचं तसं नाही. पुढचे दोन काटेरी पाय छातीशी जोडून, तिकोनी डोकं वळवून ती शांतपणे आपल्याकडे बघत राहते. डोळ्यातला काळा ठिपका आपण सरकू तिकडे सरकतो. तो ठिपका बुबुळ नव्हे. तिच्या डोळ्यातली जी बारीक भिंगं नेमकी आपल्या दिशेला रोखलेली असतात, त्यांच्यात शिरलेला उजेड परत येत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. हे सगळं पाठ असूनही, समोर माशी फडफडत असताना ती आपल्याकडेच बघत बसली की आम्हा पाळणाऱ्यांना उगाच अपराधी वाटतं.

ठाण्यात हा प्राणी बहुधा पावसाळ्यात घरी येतो. येऊरच्या पायथ्याला, घोडबंदर रस्त्याच्या सोसायट्यांत रात्री दिव्यावर येऊन बसतो आणि पोरं त्याला बरणीत घालतात. नेमका तेव्हाच श्रावण लागतो. फ्रीजमधून अंडी हद्दपार होतात आणि भिजवलेल्या साबुदाण्याशेजारी जिवंत माश्यांची बाटली येते. त्यात हिने तोंड फिरवलं की आजी म्हणणार, "घडतोय उपास तर घडू दे की, तिलाही पुण्य लागेल."

आजीचं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. मँटिस जेवत नाही, तेव्हा बहुतेक वेळा तिला भूक नसते. घाई असते ती आपल्याला. म्हणून आधी माशी नाही, पोट बघायचं. पोट चपटं, चिमटल्यासारखं असेल तर ती खरंच उपाशी. गोलसर असेल तर भरवायचा चिमटा खाली ठेवा. भरल्या पोटाची मोठी मादी आठ-दहा दिवस सहज काढते. फुग्यासारखं टम्म असेल तर आणखी भरवणं धोक्याचं, कारण अशी मादी उंचावरून पडली तर पोट फुटू शकतं. पिल्लांना मात्र इतकी सवलत नाही, ती दोन-तीन दिवसांतच सुकतात.

उपासाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कात. कात टाकायच्या आधी काही दिवस ती खाणं बंद करते, रंग मळकट होतो, हालचाल मंदावते आणि जाळीला उलटी लटकून राहते. शेवटची कात असेल तर पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसतात. या दिवसांत पेटीत रातकिडा सोडून ‘लागली भूक तर खाईल’ म्हणणं म्हणजे खूनच. कात टाकताना ती मऊ आणि असहाय असते, आणि भुकेला रातकिडा तिलाच कुरतडतो. कात पडल्यावरही लहान पिल्लाला एक दिवस, पंख फुटलेल्या मोठीला तीन दिवस काही देऊ नका. जबडे आणि पुढचे पाय कडक झाल्याशिवाय तिला शिकार धरता येत नाही.

लोणच्याची बरणी इथे आडवी येते. मँटिसला तिच्या लांबीच्या तिप्पट उंची लागते. सात सेंटिमीटरच्या मादीला किमान एकवीस. झाकणाला आतून डासांच्या जाळीचा तुकडा चिकटवायचा. गुळगुळीत झाकणावर पकड सुटते, अर्धी कात निघालेली असताना ती खाली पडते आणि पाय वाकडे होतात. पुढे ती खात नाही, कारण तिला धरताच येत नाही. ठाण्याच्या पावसात पाणी शिंपडायची फारशी गरज नाही, उलट बुरशी सांभाळावी लागते. पेटी एसीच्या खोलीत असेल तर रोज बारीक फवारा हवाच. ती थेंब पिते, आणि तहानलेली मँटिस जेवत नाही.

आता खरा गुन्हेगार. संध्याकाळ झाली की दारं-खिडक्या लावून डासांचं मशीन सुरू होतं. त्यातलं औषध डास आणि मँटिस असा भेदभाव करत नाही. पाय थरथरणं, झटके, तोंडातून काळपट पाणी ही लक्षणं दिसली तर भुकेचा विचार सोडा, पेटी मोकळ्या हवेत न्या. कॉइल आणि धूपही त्याच रांगेत. सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं असेल तर पुढचे बरेच दिवस घरातलं झुरळ तिला देऊ नका. मुकाट्याने पकडू देणारं झुरळ हे पेस्ट कंट्रोलचं विषारी जेल खाल्लेलंच समजायचं. धडधाकट झुरळ ठाण्यात कुणाच्या हाती लागलंय?

बाहेरची माशीही तशीच संशयास्पद, तेव्हा घरचीच पैदास बरी. पिकून काळं पडलेलं अर्धं केळं, चमचाभर ओट्स, चिमूटभर यीस्ट आणि बुरशी लागू नये म्हणून चार थेंब व्हिनेगर. बरणी एक दिवस ओट्यावर उघडी ठेवली की चिलटं येतात, मग तोंडाला सुती कापड आणि रबरबँड. दहा-बारा दिवसांत नवी पिढी. ही पिल्लांसाठी. मोठीला घरमाशी, निळी माशी, रातकिडा. आकार तिच्या निम्म्याहून मोठा नको. मोठा दिला तर ती पंख पसरून, हात फाकून उभी राहते, आणि घरातले म्हणतात, बघा किती खूश झाली! ती घाबरलेली असते. माश्यांची बाटली तीन-चार मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की त्या सुस्तावतात, पेटीत सोडणं सोपं होतं. बाटली तिथेच विसरलात तर त्या मरू शकतात, आणि न हलणारी वस्तू मँटिसच्या लेखी अन्नच नाही.

खरंच अशक्त झाली असेल तर भरवावं लागतं. पक्ष्यांच्या दुकानातून आणलेला मीलवर्म (अळीसारखा किडा) बोथट, लांब चिमट्यात धरून समोरून, तीन-चार सेंटिमीटरवर, थांबत-थांबत हलवायचा. वरून नको, वरून येतो तो पक्षी. तरी बघेना, तर किडा मधोमध कापून त्याचा पांढरा रस हलकेच जबड्याला टेकवायचा. आधी मुखाजवळच्या बारीक मिशा हलतात, मग जबडा आडवा चालू लागतो, आणि एकदम दोन्ही हात चिमट्यावरच पडतात. अशा वेळी चिमटा ओढू नका, सैल सोडा. तिने पकडून फेकून दिला तर आज नको, परवा. हा प्रकार दिवसातून एकदाच; दर तासाला विचारायला ती जावई नाही.

जेवण झालं की ती काटे एकेक करून तोंडाने साफ करते. तळाशी माशीचे पंख आणि तंगड्या पडलेल्या असतात, त्या लगेच उचला, नाहीतर तासाभरात मुंग्यांची रांग लागते. पेटीखाली पाण्याची परात ठेवली की काम भागतं. मुंग्यांचा खडू मात्र हाती घेऊ नका, त्याची पूड पेटीत गेली तर मुंग्यांच्या आधी हीच आडवी होईल.