भिंत वाजते, पण गाणं कोणाचं?

भाद्रपद जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन तट पडतात. पुण्याची आत्या खिडक्यांची तावदानं थरथरतानाचे व्हिडिओ टाकते. नाशिकचा चुलतभाऊ मंडळाचा कार्यकर्ता. त्याचं म्हणणं, वर्षातून एकदा काय होतंय सहन करायला? मग कोणीतरी लिहितं, ‘डीजे ही आपली संस्कृती नव्हे, ढोल-ताशा ही आपली संस्कृती,’ आणि डेसिबलचं भांडण संस्कृतीवर घसरतं. मी हे सगळं जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये बसून वाचते. इथे शाळेत गणित शिकवते. या शहराने स्पीकरच्या भिंतींतून रेगे नावाचं अख्खं संगीत जन्माला घातलं, आणि युनेस्कोने २०१८ साली त्याला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

आवाजापुरती आत्या बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, सणासुदीच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनाला डीजे वाजवू द्यायला नकार दिला. जमैकातही १९९७ चा कायदा आहे. कामाच्या दिवशी मध्यरात्री आणि शनिवार-रविवारी पहाटे दोनला गाणी बंद. इथेही कुरकुर चालूच असते. रस्त्यावरच्या डान्सला सूप आणि बिअर विकणारे म्हणतात, गिऱ्हाईक घरातून निघतंच बाराला, मग आम्ही विकायचं कधी? घड्याळाचा आणि मीटरचा हा वाद दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो कायद्यानेच सुटेल. माझा मुद्दा संस्कृतीवाल्यांशी आहे.

१९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घरोघरी रेडिओ नव्हता, आणि हॉटेलातल्या बँडचं तिकीट परवडत नव्हतं. मग एखाद्या मोकळ्या आवारात टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर लावायचे, दाराशी थोडे पैसे घ्यायचे आणि आत दारू विकायची. याला इथे साउंड सिस्टीम म्हणतात. सुरुवातीच्या बड्या सिस्टीमपैकी एक चिनी वंशाच्या टॉम वाँगची, त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. ड्यूक रीड माजी पोलीस, आता दारूचा दुकानदार. तिसरा क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड. यांची आपसातली चुरस आपल्या मंडळांना लाजवील अशी. वाजायच्या त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड. जी रेकॉर्ड दुसऱ्याकडे नाही ती आपल्याकडे हवी, म्हणून लेबलं खरवडून टाकत. विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवाल्याची एक धून कॉक्सनने ‘कॉक्सन हॉप’ नावाने मिरवली, ती कोणाची हे हुडकण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी जंग जंग पछाडलं.

पुढे अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि हव्या तशा रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. इथे खरी गंमत सुरू होते. भिंतीच्या मालकांनी गावातलेच वादक गोळा केले आणि आपल्या डान्सपुरती गाणी रेकॉर्ड करायला लागले. वादक तयार होतेच. नन्सनी चालवलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरीब, निराधार मुलांना ब्रास बँड शिकवत, ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड तिथलाच. यातून स्का आला. त्यात गिटार आणि पियानोचा ठोका मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांमधल्या फटीत पडतो, त्यामुळे पाय आपोआप उचलला जातो. १९६२ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा गल्लोगल्ली हेच वाजत होतं. पुढच्याच वर्षी कॉक्सनने ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला.

१९६६ च्या सुमारास लय उतरली. त्या वर्षीचा उन्हाळा फार कडक होता, धावत्या स्कावर नाचणं झेपेना, असं इथले म्हातारे सांगतात. कारण काहीही असो, तुताऱ्या मागे गेल्या आणि बेस पुढे आला. हे रॉकस्टेडी. त्याची गिटार घडवणारा लिन टेट मुळात त्रिनिदादचा. दोन वर्षांत त्याचंही रूप पालटलं आणि रेगे आलं. रेगेची ‘वन ड्रॉप’ ही चाल मला आपल्या कानाने फार भावते. चार मात्रांतली पहिली, जिथे आपण सम धरतो, तिथे ड्रमर हात राखून ठेवतो आणि ठोका तिसरीवर टाकतो. सम मोकळी सोडायला धाडस लागतं!

हे धाडस प्रतिष्ठितांना तेव्हा दिसलं नाही. रेडिओला स्थानिक रेकॉर्डचं वावडं होतं. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात स्काची ओळख करून द्यायचं सरकारने ठरवलं, त्यात पुढाकार मंत्री एडवर्ड सियागा यांचा. गड्याने स्वतः रेकॉर्ड काढलेल्या, त्यामुळे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण वादक म्हणून निवड झाली बायरन लीच्या सुटाबुटातल्या बँडची. स्का ज्यांच्या हातून घडला त्या स्कॅटलाइट्सना नेलंच नाही. आफ्रिकेला मायभूमी मानणाऱ्या रास्ताफारी पंथाच्या ढोलांचा ठेका याच संगीतात मुरत होता. त्या लोकांची १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या हाणामारीनंतर सरसकट धरपकड आणि मारहाण झाली. पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१७ साली.

म्हणून कोणी ‘आपली संस्कृती’ म्हणालं की मी सावध होते. रेगेमध्ये अमेरिकन रेकॉर्ड आहेत, चिनी दुकानदारांचे पैसे आहेत, त्रिनिदादची गिटार आहे, आफ्रिकेचे ढोल आहेत. आपली शाळा-कॉलेजांची ढोलपथकं तरी आजच्या थाटात किती जुनी? गेल्या काही दशकांतली. ती छानच आहेत, पण पुरातन नाहीत.

उलट, ज्या भिंतीला आपण परकी म्हणतो तिच्यावर आगरी-कोळी गाणी वाजतात, प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे वाजतात, चौदा एप्रिलला भीमगीतं वाजतात. वामनदादा कर्डकांनी हजारो माणसांच्या तोंडी दिलेल्या शब्दांना आपल्या सुशिक्षित घरांत कधी संगीत म्हणून बसवून ऐकलं गेलं? आमच्या घरात तरी नाही. डीजेविरुद्धच्या तक्रारीत कान दुखण्याबरोबर नाक मुरडणंही असतं. नाशिकवाल्या चुलतभावाचा राग त्या नाक मुरडण्यावर आहे, आणि तो रास्त आहे.

पण त्याचीही बाजू मी पूर्ण घेणार नाही. रे टाउन ही इथली बंदराकाठची जुनी वस्ती, तिथे रविवारी रात्री जुन्या गाण्यांचा डान्स असतो. साठीच्या बायका टिकल्यांचे झगे आणि हॅट घालून येतात, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून रॉकस्टेडीवर जागच्या जागी डुलतात. गाण्याची पहिली ओळ आवडली की लोक पत्र्याच्या कुंपणावर थापा मारतात, आणि सिलेक्टर, म्हणजे रेकॉर्ड लावणारा, तिथेच सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावतो. काही गाणी अशी दोन-तीनदा सुरू होतात, पुरी होतच नाहीत. त्या लोकांना गायक माहीत असतो, रेकॉर्ड कोणत्या स्टुडिओतली तेही माहीत असतं. बेसवर कोण होतं यावर भांडतात.

आमच्या मंडळाच्या भिंतीपुढे नाचणाऱ्याला यातलं काय माहीत असतं? भिंत कोणाची, कुठल्या गावची, हे मात्र बरोबर माहीत असतं. त्याच चार सिनेमातल्या गाण्यांचे रिमिक्स, त्यावर लेझर, आणि भाडं दरवर्षी चढतं. किंग्स्टनच्या मालकांना चुरशीपायी नवं गाणं करावं लागलं. आपल्या चुरशीत फक्त बॉक्स वाढले.

इथलंही सगळं गोड नव्हतं. वादकांच्या हाती गाण्यामागे ठरलेले चार पैसे पडले, माल मालकांनी कमावला. ड्रमंड तर प्रेयसीचा खून करून वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९६९ मध्ये तिथेच वारला. तेव्हा आपल्याकडे असं काही करायचं तर गाणाऱ्याचा हिस्सा आधी कागदावर यायला हवा.

चुलतभावाला मी सुचवलं की भाड्यातून दोन बॉक्स कमी करा, आणि त्या पैशात आपल्याच तालुक्यातल्या पोराकडून दरवर्षी एक नवं गाणं करून घ्या, जे दुसऱ्या कोणत्याही मंडळाकडे नसेल. तो हसला. “ताई, पब्लिकला नाचायचं असतं. नवं गाणं कोण ऐकतंय?” मी म्हटलं, ड्यूक रीडच्या गिऱ्हाइकांनाही नाचायचंच होतं, वर त्याला दारूही खपवायची होती. त्यावर ग्रुपवर आत्याचा अंगठा आला. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.