‘बंगाल’ पळाली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘बंगाल’ या युद्धनौकेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा, की जपानी जहाज ‘होकोकु मारू’ बंगालने बुडवलेच नाही, ते डच तेलवाहू टँकर ‘ओंडिना’च्या तोफेने बुडाले. दुसरा, बंगाल ज्या टँकरच्या रक्षणासाठी निघाली होती त्यालाच सोडून ती पळाली. आणि तिसरा, इंग्रजांच्या चाकरीत लढलेल्यांचा अभिमान आपण का बाळगावा, अभिमान बाळगायचा तर १९४६ च्या नाविकांच्या उठावाचा बाळगावा. तुमचा सूर तिखट आहे, पण तुम्ही वाचून लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पहिल्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. ‘बंगालने जपानी जहाज बुडवले’ असे मी शीर्षकातच लिहिले होते. तसे लिहायला नको होते. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, बंगाल आणि ओंडिना एकाच वेळी होकोकु मारूवर गोळे टाकत होत्या. बंगालवर बारा पौंडी तोफ होती, म्हणजे जेमतेम साडेपाच किलोचा गोळा. ओंडिनाच्या मागच्या भागात चार इंची तोफ होती, तिचा गोळा त्याच्या दुपटीहून जड. गोळे मात्र फक्त ३२. यांतला एक गोळा होकोकु मारूच्या मागच्या भागात लागला, आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि जहाज बुडाले. युद्धकाळातल्या ब्रिटिश बातम्यांनी श्रेय बंगालला दिले. नंतरच्या बहुतेक अभ्यासकांचा कल ओंडिनाकडे आहे, आणि तोफेचे वजन पाहता मलाही तेच पटते. शीर्षक मी बदलले आहे.

ओंडिनाबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, तो अन्याय तुमच्यामुळे लक्षात आला. त्या टँकरवर डच अधिकारी होते, चिनी खलाशी होते आणि तोफेवर ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन माणसे होती. तोफ चालवायची तर पळत पळतच, शत्रूकडे पाठ करून, कारण ती मागच्या बाजूला बसवलेली. कप्तान विलेम हॉर्समन यांनी दारूगोळा संपेपर्यंत लढा दिला, मग जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि त्यानंतर गोळ्याचा तुकडा लागून ते गेले. तिथे आलेल्या ‘आयकोकु मारू’ या दुसऱ्या जपानी जहाजाने टँकरवर टॉर्पेडो सोडले आणि होडक्यांत उतरलेल्या माणसांवर मशीनगन चालवल्या. त्यातही माणसे मेली. मग ते जपानी जहाज निघून गेले, ओंडिना बुडणारच या खात्रीने. ती बुडाली नाही. ती इराणच्या अबादान बंदराला तेल भरायला रिकामीच चालली होती. टॉर्पेडोने भगदाडे पाडली ती रिकाम्या टाक्यांना, आणि बाकीच्या टाक्यांतल्या हवेने तिला तरंगत ठेवले. होडक्यांतली माणसे परत वर चढली, त्यांनी आग विझवली, इंजिन सुरू केले आणि १८ नोव्हेंबरला पश्चिम ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल बंदर गाठले. गुप्त संकेतांची पुस्तके आधीच समुद्रात टाकलेली होती, त्यामुळे मदतीचा संदेश साध्या भाषेत पाठवावा लागला, आणि हा जपानी सापळा असेल या शंकेने त्याला उत्तरही आले नाही. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी हा सगळा भाग लेखात घातला आहे.

आता ‘पळाली’ या शब्दाकडे येतो. तो मला मान्य नाही.

सुरुवातीपासून पाहू. बंगाल म्हणजे सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत बांधलेली बाथर्स्ट वर्गातली छोटी नौका. लांबी सुमारे ५६ मीटर, वजन साडेसहाशे टन, जोरात पळाली तर १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. या वर्गाच्या एकूण ६० नौका बांधल्या गेल्या, त्यांतल्या चार हिंदी नौदलासाठी होत्या: बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. मूळ काम सुरुंग काढण्याचे आणि जहाजांच्या सोबतीला जाण्याचे. ८ ऑगस्ट १९४२ ला ती सेवेत आली. म्हणजे लढाईच्या दिवशी तिला सेवेत येऊन तीनच महिने झाले होते, आणि ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानाकडे निघालेली तिची ही पहिलीच मोठी फेरी होती. ५ नोव्हेंबरला ती ओंडिनाला घेऊन फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या डिएगो गार्सिया बेटाकडे निघाली.

समोरून आलेली दोन जहाजे प्रत्येकी दहा हजार टनांच्या वरची होती. ती मुळात प्रवासी-मालवाहू, पण युद्धासाठी शस्त्रसज्ज केलेली. दोघींवर १४ सेंटीमीटरच्या अनेक तोफा, टॉर्पेडो, शिवाय विमान. वेग २१ नॉट. याच जोडीने त्या वर्षी ‘जेनोटा’ हा डच टँकर आणि ‘हाउराकी’ हे न्यूझीलंडचे जहाज पकडून नेले होते. जपानी ताफ्याला तेलाची गरज होती, ओंडिनालाही त्यांना बहुधा सहीसलामत न्यायचे असावे.

बंगालचे कप्तान विल्सन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे टँकरच्या बाजूला राहून दोघांनी एकत्र पळणे. पण १५ नॉटच्या नौकेने २१ नॉटच्या शिकाऱ्यापासून पळून कुठे जायचे? दुसरी वाट म्हणजे टँकरला ‘तुझ्या वाटेने जा’ असे सांगून स्वतः शत्रूच्या अंगावर जाणे, म्हणजे त्याचा वेळ आणि गोळे आपल्यावर खर्च होतील. त्यांनी दुसरी वाट धरली. बंगालने आपले पुढचे टोक थेट होकोकु मारूकडे वळवले आणि अंतर कमी करत ती पुढे गेली. बारा पौंडी तोफेला लांबून काही साधत नाही, जवळ जावेच लागते. रक्षक नौकेला मी या एका क्षणाने तोलतो. शत्रू बुडाला की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. ज्याला वाचवायचे त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये ती उभी राहिली का, एवढेच मी विचारतो. ती राहिली.

हॉर्समन यांनी मात्र निघून जायचे नाकारले. आपला वेग पुरणार नाही हे त्यांनाही कळत होते, आणि हाताशी तोफ होती. म्हणून त्या दिवशी दोन लहान जहाजे एकाच वेळी एका मोठ्या जहाजावर तुटून पडली. यातला कुठला एक जरी मागे हटला असता तर होकोकु मारूला तो गोळा लागला असता असे मला वाटत नाही. श्रेयाच्या वादात ही गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटते.

यानंतर जे झाले त्याला तुम्ही पळणे म्हणता. होकोकु मारू जळत होती. बंगालचा दारूगोळा संपत आला होता, तिलाही गोळे लागले होते, आणि दुसरे जहाज तिच्यावर मारा करत होते. विल्सन यांनी धुराआडून माघार घेतली. ओंडिना वाचली नाही असा त्यांचा समज झाला आणि तसेच त्यांनी कळवले. नौका डिएगो गार्सियाला पोहोचली, एकही माणूस न गमावता. गोळे नसलेली नौका तिथे थांबली असती तर तिने काय केले असते? आयकोकु मारूला आणखी एक लक्ष्य मिळाले असते, इतकेच. तरीही होडक्यांत गोळ्या झेलणाऱ्यांना आपली सोबतीण क्षितिजापलीकडे जाताना पाहून काय वाटले असेल, याचा विचार माझ्या लेखात नव्हता. तो असायला हवा होता. निर्णय बरोबर असूनही त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, हे मी आता लिहिले आहे.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल तुमच्याशी माझे सर्वांत कमी जुळते. बंगालच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून नौका चालवतात तिथे, इंग्रज अधिकारी होता हे खरे. तोफेशी, इंजिनाशी, बॉयलरच्या उष्णतेत उभी असलेली माणसे मात्र बहुतांशी हिंदी होती. या नौदलाच्या जुन्या भरतीत आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची दर्यावर्दी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती, हिंदूही आणि कोकणी मुसलमानही. युद्धात पंजाबपासून मद्रासपर्यंत माणसे आली आणि १९३९ ला दोन हजारांच्याही आत असलेले नौदल १९४५ पर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेले. त्यांना गोऱ्या नाविकांपेक्षा कमी पगार होता, जेवण निकृष्ट होते, वर शिव्या होत्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर जेवण नाकारून ज्यांनी उठावाची सुरुवात केली ते याच नौदलातले. तुम्ही १९४२ आणि १९४६ अशी दोन वेगळ्या माणसांची रांग लावता. मला ती एकच रांग दिसते. आपण तोफेसमोर कुणापेक्षा कमी नाही हे ज्यांनी समुद्रात पाहिले होते, त्यांनाच बंदरावर परतल्यावर ‘काळा’ म्हणून हिणवले जाणे सहन झाले नाही. राज्य कोणाचे हे त्यांनी ठरवले नव्हते. समोर २१ नॉटने येणारे जहाज दिसल्यावर जागेवरून न हलणे मात्र त्यांचे स्वतःचे होते.

बंगालचे पुढे काय झाले, असेही तुम्ही विचारले आहे. युद्ध संपेपर्यंत ती हिंदी महासागरात जहाजांच्या सोबतीला जात राहिली, ज्याची बातमी होत नाही असे काम करत. स्वातंत्र्यानंतर ती भारताकडे आली, २६ जानेवारी १९५० पासून ‘आयएनएस बंगाल’ झाली आणि १९६० मध्ये भंगारात निघाली. ओंडिना दुरुस्तीआधी काही काळ पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समाउथच्या आखातात नांगरून ठेवली होती, पाणबुड्यांना तेल पुरवायला. मूळ लेखाला आता ‘बंगाल आणि ओंडिना’ असे नाव दिले आहे.