75 केबीपेक्षा हलकं चालणार नाही

उत्पन्नाचा दाखला आता घरबसल्या मिळतो, हे अगदी खरं आहे. फक्त घरी बसण्याची तयारी दांडगी हवी.

'आपले सरकार' पोर्टलवर नोंदणी केली, ओटीपी आला, महसूल विभाग निवडला, उत्पन्न प्रमाणपत्र निवडलं, इथवर माणूस खुशीत असतो. पहिली ठेच लागते ती स्वतःच्याच पत्त्याला. जिल्हा ठाणे निवडून तालुक्याच्या यादीत 'नवी मुंबई' शोधत खालीवर करणारा गृहस्थ हमखास वाशी-नेरूळचा समजावा. नवी मुंबई नावाचा तालुकाच नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा कारभार ठाणे तालुक्यात येतो. खारघर-कामोठेकरांनी तर ठाणे जिल्ह्याच्या वाटेलाच जाऊ नये, ते रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात मोडतात. लग्नपत्रिकेवर सगळेच 'नवी मुंबई' छापतात, पण महसूल खातं पत्रिका बघून चालत नाही.

तालुक्यानंतर गाव. इथे घोडबंदर रोडवरचा माणूस दुखावतो. इमारतीचं नाव इटालियन, लिफ्टमध्ये इंग्रजी गाणी, राहणं 26व्या मजल्यावर, आणि पोर्टल विचारतं, गाव कोणतं? महसुली हिशेबात हा माणूस कावेसरचा, कोलशेतचा किंवा ओवळ्याचा ग्रामस्थ असतो आणि त्याच्या उत्पन्नाचा अहवाल द्यायचा अधिकार त्या सज्जाच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गावांच्या गटाच्या, तलाठ्याला. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. टॉवरवाल्यांच्या जखमेवर मीठच.) अंदाजाने गाव निवडलं की अर्ज भलत्याच सज्जात जातो आणि परत येतो. खरं गाव घराच्या करारनाम्यात असतं. मिळकतीच्या वर्णनात 'मौजे' या शब्दापुढे बघा. तो भाग घर घेताना कुणी वाचलेला नसतो, दाखल्याच्या निमित्ताने वाचन होतं.

नाव इंग्रजीत लिहिलं की शेजारच्या चौकटीत मराठी आपोआप उमटतं. काळ्यांचे काले आणि साठ्यांचे साथे होतात ते इथेच. चौकट भरलेली दिसली म्हणून पुढे जाऊ नका, कारण दाखल्यावर जे छापून येईल ते हेच. मग शाळा सोडल्याचा दाखला एका आडनावाचा आणि उत्पन्न दुसऱ्याचं.

आता कागदपत्रं. फोटो 160 पिक्सेल रुंद, 200 ते 212 पिक्सेल उंच, वजन 5 ते 20 केबी. बाकीचे कागद 75 ते 500 केबी. वरची मर्यादा कुणालाही समजते. सर्व्हरवर जागा लागते, मान्य. मला कौतुक आहे ते खालच्या मर्यादेचं. वीजबिल दाबून दाबून 60 केबीवर आणणाऱ्या कष्टाळू माणसाला पोर्टल सांगतं, फारच हलकं झालं. जाड नको, किरकोळही नको. स्थळ बघताना काढायच्या खोड्याच या. हेतू वाईट नसावा, फार दाबलेल्या कागदावरची अक्षरं पलीकडच्याला वाचता येत नाहीत. पण 60 केबीतलं सुवाच्य बिल परत जातं आणि 300 केबीतला, हललेल्या हाताने काढलेला धुरकट फोटो आत जातो, कारण यंत्र वजन करतं, वाचत नाही. वाचणारा माणूस पुढे भेटतो.

म्हणून क्रम पाळा. आधी कडा कापा, मग पिक्सेल ठरवा, केबी शेवटी. उलट केलं तर कापाकापीत केबी पुन्हा बदलतात आणि सगळं पहिल्यापासून. मोबाइलने काढलेला फोटो काही एमबींचा असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आपसूक आकसतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आहे तसा राहतो. रेशनकार्डाची दोन्ही पानं एकाच पीडीएफमध्ये, 150 डीपीआयवर (स्कॅनच्या बारकाव्याचं माप), करड्या रंगात स्कॅन करून घ्या. तरीही 75 केबी भरेना तर रंगीत करा, वजन वाढतं. सेतू केंद्रातल्या मुलीला हे तोंडपाठ असतं. तिच्या हातातल्या कलेला आपण 'फॉर्म भरून देते' म्हणतो, हा माझ्या मते अन्याय आहे. पूर्वी खिडकीपलीकडचा कारकून जे काम पगार घेऊन करायचा, ते आता आपण शुल्क भरून करतो.

शुल्क अनेक वर्षं 33 रुपये 60 पैसे होतं, आता वाढलंय. ते 60 पैसे म्हणजे 20 रुपयांच्या सेवाशुल्कावरच्या 18 टक्के जीएसटीची शेपटी. पैसे कापले गेले आणि पडदा पांढरा झाला, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा संदेश आणि पोर्टलवरची अर्जाची स्थिती बघा. प्रतिज्ञापत्राच्या नावाने स्टॅम्पपेपर घेण्याचीही घाई नको. साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र 2015 पासून चालतं.

त्याच वर्षी लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि मला या सगळ्या प्रकरणातली खरी आधुनिक गोष्ट तीच वाटते. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. नाही मिळाला किंवा नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील, पुढे दुसरं, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. एक मेख आहे. मुदत मोजायची ती सर्वार्थाने पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्यामुळे चौदाव्या दिवशी 'कागद अस्पष्ट' असा शेरा आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. एसएमएसची वाट न बघता दोन-तीन दिवसांनी आपणच लॉगिन करावं.

दाखला येतो तेव्हा त्यावर डिजिटल सही असते आणि सहीवर भलंमोठं प्रश्नचिन्ह. सही खोटी नसते, आपल्या संगणकाचा तिच्यावर विश्वास नसतो. पीडीएफ संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर उजवं क्लिक, मग सिग्नेचर प्रॉपर्टीज, सर्टिफिकेट दाखवा, 'ट्रस्ट'मध्ये जाऊन विश्वासूंच्या यादीत घाला आणि पुन्हा तपासा. हिरवी खूण आली की मगच छापा, नाहीतर प्रश्नचिन्हही छापलं जातं आणि प्रवेशाच्या खिडकीवर तेच आधी दिसतं. कुणी गोल शिक्का मागितलाच तर दाखल्यावरच्या बारकोडचा क्रमांक दाखवा, पोर्टलवर पडताळणी होते.

मुदतही दाखल्यावरच छापलेली असते, बहुधा 31 मार्च. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला शिळा ठरतो. एप्रिलमध्ये अर्ज टाका. जूनमध्ये अख्खा जिल्हा एकाच वेळी लॉगिन करतो आणि ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपलेली असते.