कन्सोलमधून बदल कुणी करायचे आणि टेम्प्लेट कुणी निस्तरायचं?

आमचे सर्व्हर, डेटाबेस सगळे एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर. काय कसं हवं ते टेम्प्लेट नावाच्या फाइलमध्ये लिहायचं आणि क्लाउडफॉर्मेशन त्यावरून सगळं उभं करतं; एका टेम्प्लेटमधून उभा राहिलेला संच म्हणजे स्टॅक. हे सोडून प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, कन्सोलमधून (एडब्ल्यूएसच्या वेबपेजवरून थेट) हात घालून मोकळे होणाऱ्या लोकांचा मला आता मनापासून संताप येतो. रात्री अलर्ट वाजतो, कुणीतरी लॉगिन करतं, सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे फायरवॉलच्या नियमांत, डेटाबेसचं ५४३२ पोर्ट उघडतं, टीमच्या चॅटवर "फिक्स झालं" टाकतं, खाली अंगठ्यांची रांग लागते. टेम्प्लेटला कुणी हात लावलेला नसतो. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "अरे तात्पुरतं आहे, उद्या टाकतो टेम्प्लेटमध्ये." तो उद्या उजाडत नाही. मग कधीतरी तोच स्टॅक अपडेट करायचं टिकेट माझ्याकडे येतं, आणि जमीन एकाच्या ताब्यात, सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, अशी गत झालेली असते.

आमच्याकडचा डेटाबेसचाच किस्सा घ्या. ऑडिटवाल्यांनी सांगितलं, डेटा एन्क्रिप्टेड हवा. आरडीएसवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेवर, चालू डेटाबेसचं एन्क्रिप्शन नुसतं बटण दाबून सुरू करता येत नाही. स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) काढायचा, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करायची, ती रिस्टोअर करायची, जुन्या डेटाबेसचं नाव बदलायचं आणि नव्याला जुनं नाव द्यायचं. हे सगळं एका माणसाने कन्सोलमधून केलं. काम चोख केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते कुठेही लिहून ठेवलं नाही. ना टेम्प्लेटमध्ये, ना टिकेटमध्ये.

टेम्प्लेट आणि प्रत्यक्ष यांतला फरक शोधणारी तपासणी म्हणजे ड्रिफ्ट डिटेक्शन. वरच्यांचं म्हणणं, "ड्रिफ्ट डिटेक्शन आहे ना, चालव की." चालवलं. स्टॅक इन-सिंक, म्हणजे दोन्ही जुळतात! सगळं हिरवंगार. कारण क्लाउडफॉर्मेशन फक्त टेम्प्लेटमध्ये स्पष्ट लिहिलेल्या प्रॉपर्टीच तपासतं. आमच्या टेम्प्लेटमध्ये एन्क्रिप्शनची ओळच नव्हती, मग ते तपासणार काय? आख्खा डेटाबेस बदलला तरी नाव तेच, लिहिलेल्या प्रॉपर्टी त्याच, म्हणून सगळं ठीक. नेस्टेड (एकात एक) स्टॅक असतील तर प्रत्येकावर वेगळं चालवा. काही रिसोर्सना (स्टॅकमधल्या घटकांना) ड्रिफ्ट डिटेक्शनचा सपोर्टच नाही. कुणी कन्सोलमधून नवीनच काही उभं केलं असेल तर ते स्टॅकच्या हिशेबातच नाही. क्लाउडफॉर्मेशन २०११ साली आलं, ड्रिफ्ट डिटेक्शन यायला २०१८चा नोव्हेंबर उजाडला, आणि एवढं थांबून हाती आलं ते हे. या हिरव्या टिकलीवर विसंबून लोक मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगतात की आपलं इन्फ्रा शंभर टक्के कोडमध्ये आहे!

बरं, कळलं की फरक आहे. आता एक ओळ घाला, 'स्टोरेजएन्क्रिप्टेड: ट्रू'. साधं वाटतं ना? चेंज सेट, म्हणजे अपडेटने काय काय बदलेल याची आधी मिळणारी यादी, उघडून बघा, तिथे लिहिलेलं असतं 'रिप्लेसमेंट: ट्रू'. म्हणजे तो नवा कोरा, रिकामा डेटाबेस उभा करणार आणि ग्राहकांचा डेटा असलेला काढून टाकणार. कारण साधा अपडेट जुनं टेम्प्लेट आणि नवं टेम्प्लेट यांचीच तुलना करतो, प्रत्यक्षात काय चालू आहे ते बघतच नाही. ड्रिफ्ट लक्षात घेणारे चेंज सेट २०२५च्या शेवटी आले, तेही वेगळे मागावे लागतात.

मग राहतो इम्पोर्टचा, म्हणजे आधीच चालू असलेला रिसोर्स स्टॅकमध्ये दाखल करण्याचा, वळसा. आधी त्या रिसोर्सला 'डिलीशनपॉलिसी: रिटेन' (स्टॅकमधून काढलं तरी डिलीट करू नको) लावून अपडेट करायचं. मग जिथे जिथे त्याचा रेफ किंवा गेटॲट (टेम्प्लेटमधला त्याचा संदर्भ) आहे तिथे प्रत्यक्ष व्हॅल्यू हाताने भरायच्या. मग तो रिसोर्स टेम्प्लेटमधून काढून पुन्हा अपडेट, म्हणजे डेटाबेस जिवंत राहतो पण स्टॅक त्याला विसरतो. मग खऱ्या व्हॅल्यूंसकट तो पुन्हा लिहून इम्पोर्ट, आणि शेवटी सगळे रेफ जागच्या जागी. यात रिटेन नीट लागलं नसेल आणि डिलीशन प्रोटेक्शनही बंद असेल, तर मधल्या पायरीवर प्रॉडचा डेटाबेस गेला. फायनल स्नॅपशॉट निघेलही, पण तो रिस्टोअर होईपर्यंत सगळं बंद. हे काम करताना शेजारी कुणी "एका ओळीचा तर बदल आहे, एवढा वेळ का?" असं विचारलं की डोक्यात तिडीक जाते.

कुणी केलं ते शोधावं तर क्लाउडट्रेलची (कुणी काय केलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेची) इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांची. त्यापुढचं हवं असेल तर आधीच ट्रेल लावून ठेवलेली असायला हवी. आणि सापडलंच, तरी नाव काय निघतं? 'ॲडमिन'. सगळ्या टीमचं मिळून एकच लॉगिन! जबाबदार कुणीच नाही. रात्री बदल करणारा महिन्याच्या मीटिंगमध्ये कौतुकाला पात्र, आणि मेळ घालत बसलेला माणूस स्लो.

आणीबाणीत कन्सोल लागतं, हे मलाही मान्य आहे. डेटाबेस कोसळत असताना पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या प्रस्तावाच्या, अप्रूव्हलची वाट कुणी बघत बसणार नाही. पण प्रॉडवर रोजच्या लॉगिनला फक्त रीड ॲक्सेस ठेवा. आणीबाणीसाठी वेगळा रोल ठेवा, प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने, ठरावीक तासांनी आपोआप संपणारा. आणि तो ज्याने वापरला त्यानेच दुसऱ्या दिवशी टेम्प्लेटची पुल रिक्वेस्ट टाकायची, त्याशिवाय इन्सिडंट क्लोज करायचा नाही. हे तीन वेळा लिहून दिलंय मी, आणि दर वेळी "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणून ते बाजूला पडलंय. पुढच्या क्वार्टरला का? ॲक्सेस काढून घ्यायला एक दुपार पुरते.