एकटेच बसलात?

डॉक्टरांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला, आकडा पाहून भुवया वर नेल्या आणि म्हणाले, "गोळी चालू ठेवाच. पण रोज अर्धा तास कुठेतरी शांत बसत चला." गोळी कोपऱ्यावरच मिळाली. शांत जागा मात्र अख्ख्या बडोद्यात मिळेना.

घर दांडिया बाजारात. खाली दुकान, वर आम्ही, आमच्यावर गच्ची. गच्चीवर उत्तरायणाच्या महिनाभर आधीपासून पोरं चढलेली असतात. "ए काप्यो छे!" अशी आरोळी उठली की पतंग दुसऱ्याचा कटतो आणि दचकतो मी. गॅलरीत बसावं तर लग्नसराईत खालून रोज एक वरघोडा. डीजेच्या धक्क्यानं कपाटातल्या बश्या थरथरतात. घोडीवरच्या नवरदेवाकडे बघून वाटतं, शांततेची गरज माझ्यापेक्षा याला जास्त आहे. आणि घरात बसायचं म्हटलं, तर रिकामे हात आमच्या हिला बघवत नाहीत. "बसलाच आहात तर एवढे मटार सोला."

म्हणून पहिल्या दिवशी सूरसागरला गेलो. तळ्याच्या मधोमध शंभर फुटांहून उंच महादेव उभा. तो इतकी वर्षं गर्दीत निवांत उभा राहतो, तर आपल्याला अर्धा तास बसायला काय हरकत आहे? कठड्याशी टेकलो, डोळे मिटले.

"शुं काका, एकला बेठा छो?"

डोळे उघडले. ओळखीचा फरसाणवाला. त्याला हसून वाटेला लावतो तोच जुन्या वाड्यातले एक शेजारी. "काय हो, एकटेच? वहिनी बऱ्या आहेत ना?" बडोद्यात तळ्याकाठी माणूस एकटा बसला की लोक दोनच अर्थ काढतात. एक तर घरात वाजलंय, नाहीतर शेअरबाजारात बुडालाय. मी ब्लडप्रेशरचं खरं कारण सांगितलं आणि तीच चूक झाली. त्यांनी दुधीचा रस सांगितला, मागून आलेल्यानं रात्री भिजवलेली मेथी सांगितली आणि तिसऱ्यानं तर हातच धरला. "टेन्शन सोडा, चला, सेव-उसळ खाऊ." वर तरी वाढून घेतली, जादा. घरी पोचलो तेव्हा ही दारातच उभी. तोवर दोन फोन येऊन गेले होते. "तळ्यावर कशाला जाऊन बसला होतात? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते मला पाठ झालं होतं.

पुढच्या आठवड्यात कमाटी बाग. कागदोपत्री सयाजी बाग, १८७९ची. पण दांडिया बाजारातला मराठी माणूस कमाटी बागच म्हणतो. पहाटे गेलो, वडाखालचं बाकडं पकडलं. गावाच्या नावातच वड, तेव्हा सावलीला तोटा नाही. पाच मिनिटं खरोखरच बरी गेली. मग झाडामागून एकदम "हा हा हा! हो हो हो!" हास्य क्लब. तीस माणसं हात वर करून हसत होती आणि त्यांतल्या एका जोमदार आजींनी मला उठवून रांगेत उभं केलं. मी हसलो. रडवेला माणूस हसेल तसा.

तिथून बागेतल्याच म्युझियममध्ये शिरलो. तिथे ब्लू व्हेलचा अख्खा सांगाडा आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो की खरंच मन निवतं. एवढा मोठा प्राणी आणि चकार शब्द काढत नाही. पण तेवढ्यात शाळेची सहल आली. चाळीस मुलं आणि "शांति राखो!" असं मुलांपेक्षा मोठ्यानं ओरडणाऱ्या एक बाई.

मग मनात आलं, ज्या जागी बोलायला बंदीच आहे तिथे का जाऊ नये? मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणून ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या मजल्यांना फरशी जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खाली झिरपतो. एवढा विचार केलेल्या वास्तूत शांतता असणारच. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो. समोर एक आजोबा गुजराती पेपरातल्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिराती वाचत होते. फोटोखालची प्रत्येक ओळ बोटानं. मध्येच पेपर माझ्याकडे वळवला आणि कुजबुजले, "याला ओळखता?"

नाही म्हणालो.

"हा?"

नाही.

चौथा चेहरा ओळखीचा निघाला. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर होता. आजोबांचे डोळे चमकले. "वय किती?" मी म्हटलं, "माझ्याएवढंच." त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं, पेपर पुन्हा स्वतःकडे वळवला आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत. अर्धा तास पूर्ण शांतता मिळाली. ब्लडप्रेशर त्याच दिवशी सगळ्यात जास्त निघालं.

आता रोज संध्याकाळी काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर थांबतो. खाली विश्वामित्री नदी. थंडीत मगरी काठावर ऊन खायला येतात आणि जबडा उघडा ठेवून निपचित पडतात. अंगातली उष्णता त्या तोंडावाटे कमी करतात म्हणे. भर शहरात, वरून रिक्षा, बस, हॉर्न आणि खाली ही बाई तोंड उघडून स्वस्थ. काल तिच्याकडे बघत मीसुद्धा जरा सैल झालो. श्वास खोल गेला. कधी नव्हे ते आजूबाजूचं ऐकू येईनासं झालं.

"मगर छे? क्यां छे?" एक स्कूटर थांबली. मग दुसरी. मग पोराला खांद्यावर घेतलेले एक बाबा. शेंगदाणेवाल्यानं टोपली टेकवली. कुणीतरी मोबाईल कठड्याबाहेर धरला, कुणी शीळ घातली. एका काकांनी हात तोंडाशी नेऊन तिला हाकही मारली, "ए! एकली बेठी छे के?"

मगरीनं जबडा मिटला. एकदा वर पाहिलं. मग शेपटी हलवत चिखलातून घसरली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभा होतो. शेंगदाणेवाला म्हणाला, "काका, रोज आवो छो ने? बधुं बराबर छे ने घरे?"